शेडनेटमधली हुशारी

आमच्या घरात हुशार कोण, हे केव्हाच ठरून गेलं आणि त्या निकालाचा मला आता वीट आला आहे. मी शेतकीची पदवी घेतली म्हणून हुशार. वहिनीची शाळा सातवीत सुटली म्हणून ती नुसती हाताची बरी.

देऊळगाव राजाकडं आमची मिरचीच्या बियाण्याची शेडनेट, म्हणजे जाळीचा मांडव, आहे. मादी म्हणून धरलेल्या झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडून आतले पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून लावलेल्या झाडाचा पराग लावायचा, असं ते काम. थोडा उशीर झाला तरी कळी आपल्याच परागानं बी धरते आणि बियाण्याच्या सगळ्या लॉटची शुद्धता जाते. कुठली कळी घ्यायची हे कामावरच्या बायांना वहिनी सांगायची. नेटमध्ये तिचा शब्द चालायचा. कळी दोन बोटांत धरायची आणि "हे नाई" म्हणून खुडून टाकायची.

गेल्या वर्षी मी तिला विचारलं, "कशावरून?"

"बोटाले कळते ना, भाऊजी."

मी हसलो. त्या हसण्याची आज लाज वाटते. कळ्यांच्या मापाचा रंगीत तक्ता छापून मी खांबाला बांधला आणि सगळ्यांना त्याबरहुकूम कामाला लावलं. त्याच आठवड्यात ऊन तापलं. वहिनी दोनदा सांगायला आली, "लहान कळ्याही आतून फुटून राह्यल्या, पराग सुटून राह्यला." मी तक्त्याकडं बोट दाखवलं.

लॉट चाचणीत नापास झाला. बियाणं घेणाऱ्या कंपनीचा माणूस शेतावर आला तेव्हा भाऊच आधी बोलला, "बायायची चूक आहे साहेब. शिकेल नाहीत." वहिनी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होती. तक्ता माझा होता, एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

यंदा कळी निवडायचं काम भावानं तिच्याकडून काढून माझ्याकडं दिलं. मी रोज तिच्याजवळ जाऊन हळूच विचारायचो, ती सांगायची आणि मग तेच मी बायांना मोठ्यानं सांगायचो. तिनं एकदाही टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

लॉट पास झाला. भावानं पेढे आणले. "शिकेल माणूस उभा असला का फरक पडतेच," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता. मी मान डोलावली. वहिनीनं पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला आणि मी तो खाल्ला.