गोव्यात शांत जागा शोधणारे चार नेरवाले

आमच्या नेर गावच्या चार माणसांना एका जीपमध्ये कोंबून गोव्याला पाठवा, किस्से करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. माझ्या मेडिकलच्या काउंटरवर मी हे सांगायला बसलो की गिऱ्हाईक गोळ्या घेऊनही हलत नाही. लोक हसतात. मी मात्र त्या ट्रिपमध्ये वैतागून अर्धा झालो होतो!

कारण मला काम होतं. माझ्या मायचे डोळे काचबिंदूनं गेले. समुद्र तिनं कधी पाहिलाच नव्हता. निघताना म्हणाली, "पाह्यनं त गेलं बाप्पा. मले फोनवर समुद्र ऐकव." बस, एवढंच! त्यासाठी मला एक शांत जागा पाहिजे होती. आणि सोबतीला कोण? जीपवाला विलास, शाळेतले कांबळे सर आणि गजूभाऊ. गजूभाऊचा धंदा लग्नात लाउडस्पीकर लावायचा!

•

पहिल्या बीचवर पोचलो, मी हौसेनं फोन लावला. पलीकडून माय म्हणते, "कोनाचं लगन हाय बे तिथी?"

वळून पाहतो तर मागं शॅकमध्ये डीजे दणदणत होता. आणि आमचे गजूभाऊ कुठं? डीजेवाल्याला समजावून राह्यले होते, "भाऊ, बेस कमी पडून राह्यला तुमचा. वाढवा थोडा!"

त्यानं वाढवला. मी फोन ठेवून दिला.

•

हॉटेलच्या मॅनेजरला म्हटलं, बाबा, गर्दी नसलेली एखादी जागा सांग. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, कानाशी आला, "एक बीच आहे. कुणाला सांगू नका हां!"

गेलो. पार्किंगला जागा नाही! ज्याला विचारावं तो म्हणे, "आम्हाला हॉटेलवाल्यानं गुपचूप सांगितलं."

त्या गर्दीत एक जोडपं आमच्याच जिल्ह्यातल्या पुसदचं निघालं. झालं! समुद्राकडं पाठ करून गजूभाऊनं नातं काढायला घेतलं. यांची मावशी, त्यांचा साडू, दारव्ह्याची सोयरीक. ऊन उतरलं तेव्हा कळलं की पुसदवाल्याच्या बहिणीच्या लग्नात लाउडस्पीकर गजूभाऊचाच होता. "मंग घरचेच निंगालो आपन!" म्हणून दोघांनी गळाभेट घेतली.

"आनि समुद्र?" मी विचारलं.

"तो कुठी जाते बे?"

•

तिसऱ्या दिवशी कांबळे सरांनी एक कोपरा हुडकला. चिटपाखरू नाही! मला वाटलं, जमलं. पण विलासनं जीप थेट वाळूत उतरवली. आमच्याकडं नदीच्या पात्रात गाडी लावायची सवयच ना!

"अबे, पानी आलं त?"

"मे महिन्यात पानी कायले येईन?"

आलं! अर्ध्या चाकापर्यंत आलं. मग मासेमारांची सारी वस्ती धावली, दोर आले, आरडाओरडा झाला. जीप निघाली. विलास भिजलेल्या पँटीनं उभा राहून समुद्रावरच चिडला, "उन्हायात कायचं पानी हे!"

•

जीप काढली म्हणून गजूभाऊनं त्या लोकांना जेवायला थांबवलं. कशाचं जेवण, तर गवऱ्यांच्या आरावर भाजलेल्या कणकेच्या रोडग्याचं! हा माणूस नेरहून कॅरिअरवर पोतंभर गवऱ्या बांधून घेऊन आला होता. समुद्रकिनारी गवऱ्यांचा धूर! मला तर तोंड लपवावंसं वाटलं.

धूर पाहून कुत्रे आले, टुरिस्ट आले. एका परदेशी बाईनं प्लेट केवढ्याला म्हणून विचारलं. गजूभाऊनं हातावर रोडगा ठेवला, वर तुपाची धार सोडली आणि म्हणाले, "खा बाई, आपलंच हाय."

संध्याकाळपर्यंत तिथं जत्रा. माझ्या शांत जागेचं वाटोळं!

•

तेच रोडगे खाल्लेला एक म्हातारा मासेमार शेवटच्या सकाळी आम्हाला खडकामागं घेऊन गेला. माणूस नाही, गाडी नाही. नुसती लाट येते, फुटते, परत जाते. मी तिघांना दमच भरला, "कोनी तोंड उघडलं त पाहा मंग!" तिघं शहाण्यासारखे गप उभे राहिले. मी फोन लावून पाण्याकडं धरला.

पाचसहा लाटा फुटल्या. मग माय घाबरून म्हणाली, "बंडू, बाकीचे कुठी हायेत? गजू इतका चूप? बुडाला काय रे?"

"नाई माय, हाय इथीच."

"मंग बोलत काहून नाई? खोटं नोको बोलू मायासंग!"

गजूभाऊला राहवलं नाही. "काकू, जित्ता हाव मी!" विलास ओरडला, "काकू, लाट येऊन राह्यली, हे एवढी मोठी! आली, आली, फुटली!" कधी न बोलणारे कांबळे सरही फोनपाशी वाकले, "काकू, फेस पायापर्यंत आला पाहा." तिघंही एकदम बोलायला लागले. लाटेचा आवाज मलाच ऐकू येईना! माझं डोकं सटकलं.

"अबे, चूप बसा न जरासे!"

फोनमधून माय खेकसली, "तूच चूप राह्य, बंडू. मले समुद्र ऐकू दे!"