फोटोत नसलेली मागची बाजू

मला बघायला आले तेव्हा माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, जोडारी सरांनी, माझ्याकडे बघितलंच नाही. आमच्या नांदेडच्या घरात पाहुणे बसले होते, मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, आणि हे गृहस्थ खाली वाकून आमच्या टीपॉयचा पाय न्याहाळत होते. टीपॉय डुगडुगत होता. त्यांनी शर्टाच्या खिशातून व्हर्निअर काढला (बारीक मापं घ्यायचं ते स्टीलचं अवजार, जे शहाणी माणसं वर्कशॉपातच ठेवून येतात), फट मोजली, माझ्याच बायोडाटाचा कोपरा फाडून त्याची घडी केली आणि पायाखाली सारली. मग समाधानाने वर बघून मला एकच प्रश्न विचारला, "हाताला ग्रीस लागलेलं चालतं का?" मी फिजिक्स शिकवणारी बाई. मी म्हटलं, "साबणाने निघतं की." झालं, लग्न ठरलं. मुलाला मी पसंत होते की नाही, हे त्या गडबडीत कुणी नीट विचारलंच नाही. विचारायला हवं होतं, पण ते पुढे कळलं.

ते लग्न मोडलं. नवरा गेला की सासरा, सासू, दीर, जावा सगळं गाठोडं त्याच्याबरोबर जातं, अशी आपल्याकडची रीत. खरं सांगते, नवरा जाण्याचं मला जेवढं भय वाटलं नाही, तेवढं हा माणूस आपला राहणार नाही याचं वाटलं होतं. लातूरच्या आयटीआयमध्ये त्यांनी तीस वर्षं फिटरचा, म्हणजे जोडारीचा, वर्ग घेतला. सगळं गाव त्यांना जोडारी सर म्हणायचं. मी मामा म्हणायचे.

लग्नाला पंधरा दिवस झाले होते, हातावरची मेंदी पुरती उतरली नव्हती, तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक कानस आणि लोखंडाचा ठोकळा दिला. "हे सपाट करा." आयटीआयच्या मुलांना सरावाचा पहिला जॉब हाच असतो म्हणे. मी आठ दिवस लातूरच्या कॉलेजातून शिकवून आल्यावर तो ठोकळा घासत होते. मामा त्याला गुण्या, म्हणजे काटकोनाची पट्टी, लावायचे, उजेडाकडे धरायचे आणि म्हणायचे, "उजेड दिसायलाय, सूनबाई." म्हणजे फट आहे, परत घासा. आत्याबाई, माझ्या सासूबाई, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "अवो, सून आणली हाय का शिकाऊ उमेदवार?" नवव्या दिवशी उजेड दिसला नाही. मामांनी तो ठोकळा पुसून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला. एवढा मान मला एमएस्सी झाल्यावरसुद्धा कुणी दिला नव्हता.

ठोकळ्याचं कारण होतं परसातली पत्र्याची शेड. तिच्यात मामा दोन सीटची स्पोर्ट्स कार बनवत होते. बनवत, म्हणजे शून्यापासून. तरुणपणी कुठल्याशा इंग्रजी मासिकातून कापलेला एक फोटो त्यांच्याजवळ होता. साठ सालच्या आसपासची गाडी, बिनटपाची, लांब नाकाची, बुटकी. तिचा सांगाडा, ज्याला ते चासी म्हणायचे, त्यांनी लोखंडी नळ्या वेल्डिंग करून स्वतः उभा केला होता. इंजिन अपघातात चेपलेल्या एका मोटारीचं, मागचा एक्सल जुन्या टॅक्सीचा, समोरची घड्याळं ट्रॅक्टरची. बॉडीचा पत्रा वाळूच्या पोत्यावर ठेवून लाकडी हातोडीने ठोकून ठोकून गोल केलेला. अडचण एकच होती. फोटो पुढून काढलेला, जरासा डावीकडून. गाडीची मागची बाजू त्यात नव्हतीच. मग ती मामांनी मनानेच केली, आणि मागून ती गाडी थेट कुंकवाच्या करंड्यासारखी दिसायची, गोल, फुगीर, वर छोटंसं झाकण. मी हसले की म्हणायचे, "हसा, हसा. ज्यानं फोटो काढला त्याला इचारा, मागं कामून गेला न्हाई म्हणून."

माझा तेव्हाचा नवरा पुण्यात नोकरीला होता, सुट्टीला यायचा. त्याचं म्हणणं, बाबांनी हे खूळ सोडावं आणि एखादी खरी जुनी गाडी आणून तीच नीट करावी. तिला कागदपत्रं असतात, नंबर असतो, रस्त्यावर नेता येते. घरात जोडलेल्या गाडीला नंबर कोण देणार? यात खोटं काही नव्हतं आणि मामांनाही ते कळत होतं. "जुनी नीट करायची तर बनवणाऱ्याचं डोकं वाचावं लागतं," ते म्हणायचे. "लई मोठा हुन्नर हाय तो, त्याला नाव ठेवायचं न्हाई. पण नवी जोडताना चुकलं तर शिव्या द्यायला दुसरं कुणी घावत न्हाई. मला त्यातच मजा येती."

आणि जुनं त्यांना नको होतं असंही नाही. शेजारच्या काकूंचं शिलाई मशीन बिघडलं, सासूच्या वेळचं. मी आपली नवा पट्टा घाला, नवं चाक घाला, असं सुचवत होते. मामांनी आधी सगळं मशीन स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकून ऐकलं आणि फक्त एक स्प्रिंग बदलली. "सांगाडा शाबूत हाय तवर हात आखडता घ्यायचा," म्हणाले. "सांगाडाच गेला असंल, तर मंग लाड करायचे न्हाईत." मशीन अजून चालतं. काकू त्यावर गल्लीतल्या सगळ्यांच्या पिशव्या शिवतात.

मग एक दिवस हिमायतनगरहून माझ्या मावशीचा फोन आला. तिकडच्या एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात जुनी गाडी सापडली होती. "अगं, तुझ्या सासऱ्याच्या फोटोतलीच दिसायली," मावशी म्हणाली. "मालक म्हणतोय, कुणीही घेऊन जावा, जागा मोकळी करा." आम्ही तिघं गेलो, मामा, नवरा आणि मी. खरोखर तीच गाडी. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी बसली होती. नवरा हरखून गेला, चारी बाजूंनी फोटो काढायला लागला. मामा मात्र सरळ गाडीच्या मागे गेले.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना मागची बाजू दिसत होती. माणसाने एवढी वर्षं मनाने केलेलं काम, आणि आता खरं उत्तर समोर उभं! ती बाजू सपाट होती, पत्र्याच्या डब्याचं झाकण लावावं तशी, दोन बारकेसे दिवे आणि संपली. मामा हात पाठीमागे बांधून कितीतरी वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हात्तिच्या! आपली बरी हाय की!" आणि असे हसले, असे हसले, की कोंबडी उडून पळाली.

हसून झाल्यावर ते गाडीखाली शिरले. ठोकायला लागले. टण, टण, टण, आणि एका जागी थप्प. कुणीतरी गंजून पडलेल्या भोकांत पुट्टी भरून वर काळा रंग मारला होता. स्क्रू ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. दुसऱ्या बाजूलाही तेच. बाहेर येऊन धूळ झटकत म्हणाले, "चासी नवी करावी लागती, तळ नवा, इंजिन तर न्हाईच. मंग जुनं काय राहिलं? नंबर. नुसत्या नंबराला चाकं लावून काय करायचं?"

"बाबा, पुट्टी काढून परत भरता येते," नवरा म्हणाला.

"येती की. म्हणून तर लोक भरतात."

नवरा परतीच्या बसमध्ये लातूरपर्यंत काढलेले फोटोच बघत बसला.

त्याचं पुण्यात दुसरं बिऱ्हाड आहे, हे मला पुढच्या वर्षी कळलं. कसं कळलं ते सांगत बसत नाही. लातूरच्या घरात बैठक बसली. माझे वडील, भाऊ, सासरकडचे चुलते, शेजारचे दोन जाणते. सगळ्यांचं एकच पालुपद: झालं गेलं विसरा, मुलगा चुकलाय, त्याला पदरात घ्या, सूनबाईंनी इथली नोकरी सोडून पुण्याला जाऊन राहावं, सगळं सुरळीत होईल. नवरा मान खाली घालून बसला होता. पुढे काय करणार हे त्याला कुणी विचारलं, तर तो म्हणाला, "बघू." मी मामांकडे बघत होते. या घरात मला कुणी ठेवून घेणार असेल तर हाच माणूस, अशी माझी समजूत.

शेवटी त्यांच्यावर आलं. ते म्हणाले, "पोरगा माझा हाय, म्हणून सांगतो. ह्यात पुट्टी भरू नका. मी ठोकून बघितलंय. हिला मोकळं करा."

आता कुणी म्हणेल, वा, गाडीचं आणि संसाराचं कसं छान जुळवलंत. मी नाही हो जुळवलं. वाक्य मामांचं आहे, आणि कानावर पडलं तेव्हा मला ते मुळीच छान वाटलं नव्हतं. मला एवढंच ऐकू आलं, की ज्याच्या भरवशावर मी बसले होते त्यानेच मला घराबाहेर काढलं. माझे वडील ताडकन उठले, "काढून द्यायलाच बोलावलं होतं का आम्हाला?" आत्याबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. घर मोडलं ते माझ्या आणि मामांच्या त्या लोखंडी खुळापायी, असा त्यांचा ग्रह झाला, आणि त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मी बॅग भरली आणि मामांच्या पायाही न पडता संध्याकाळच्या बसने नांदेडला आले. तिथल्याच एका कॉलेजात नोकरी धरली आणि पुढे तीन महिने मामांचे फोन उचलले नाहीत. मीही काही कमी हट्टी नाही.

तीन महिन्यांनी ते स्वतःच दारात उभे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला लांब लोखंडी रॉड. एवढा रॉड कंडक्टरने बसमध्ये कसा येऊ दिला, देव जाणे. आईने बसा म्हटलं नाही, तरी बसले. "स्टेरिंगचा रॉड बॉनेटला घासायलाय," माझ्याकडे बघत म्हणाले. "कोन काढून द्या, बाई. मला गणित येत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो?" सूनबाई नाही, बाई. कॉलेजात मला सगळे म्हणतात तसं. मी वही घेतली. गणित दहा मिनिटांचं होतं, मी तासभर लावला. निघताना पायात चप्पल सरकवत, मान खाली घालून म्हणाले, "तो माझा लेक हाय, त्याला मी टाकू शकत न्हाई. पण मला सून राहावी म्हणून तुम्हाला तिथं सडवायचं, हे माझ्यानं झालं न्हाई. राग धरा, पण गाडी अर्धी सोडू नका." ते जिना उतरून गेल्यावर मी दाराला टेकून हमसून हमसून रडले. आईने तेव्हा कुठे विचारलं, चहा तरी द्यायचा होता का गं.

लातूरच्या घरी मी जाऊ शकत नव्हते. त्यावर मामांनी काय करावं? सगळी गाडी खोलली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरली आणि औशाला धाकट्या भावाच्या शेतातल्या शेडमध्ये नेऊन परत जोडली. वय सत्तरच्या पुढे. औशाचे काका, म्हणजे तोच भाऊ, सांगतात, त्यांनी विचारलं, दादा, हा उपद्व्याप कशासाठी, तर म्हणाले, "बाईंना तिथं यायला अवघड वाटतंय." बस, एवढंच. महिन्यातून एक रविवार मी नांदेडहून औशाला जायचे. सकाळची बस, दिवसभर शेड, तिथल्या काकूंच्या हातची भाकरी, संध्याकाळची बस. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, असं मी आज कुणालाही सांगेन.

बाकी गप्पा म्हणाल तर शून्य. कशी आहेस, बरी आहेस का, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. माझी तब्येत ते माझ्या हातावरून ओळखायचे. पाना सैल धरला की म्हणायचे, "आज निजला न्हाईत वाटतं. ठेवा तो, भुईमुगाच्या शेंगा फोडा." घटस्फोटाचा कागद हातात आला त्या रविवारी मी तीन बोल्टचे आटे मोडले. त्यांनी तिन्ही बोल्ट स्वतः ड्रिलने काढले, नवे बसवले, आणि माझ्यासाठी चवथा पुढे केला.

गाडी चालू झाली तो दिवस सोयाबीन निघून गेल्यानंतरचा होता. शेडपासून बांधापर्यंतची चाकोरी मामांनी आधीच बुजवून ठेवली होती. पहिला फेरा त्यांनी मला मारायला लावला. रस्त्यावर ती कधी जाणार नव्हती, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. "बांधापत्तुर जाती, बास झालं," ते म्हणाले. "बांधाच्या पुढं आपलं हाय तरी काय?" कुंकवाचा करंडा धूळ उडवत जाताना बघून काका-काकूंनी टाळ्या वाजवल्या.

मामा मागच्या वर्षी गेले. फार आजारी पडले नाहीत. काकांचा फोन आला, तेव्हा मी वर्गात होते. आता माझ्या वर्गातल्या पोरापोरींनाही मी पहिल्या महिन्यात कानस आणि ठोकळा देते. अभ्यासक्रमात नाही, प्राचार्य कुरकुरतात. कुरकुरू देत.

तेरावं औशाच्या शेतात झालं. जेवणं उरकल्यावर सगळे शेडपाशी जमले. माझा पूर्वीचा नवरा गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "हिला कागद ना पत्र. भंगारवाल्याला बोलवावं लागेल. कुणाला काही म्हणायचंय का?" मला म्हणायचं होतं. पण मी बोलणार कोण? आता मामाही नव्हते. मी बायकांच्या मागे, लिंबाच्या झाडापाशी तशीच उभी राहिले.

एवढ्यात आत्याबाई घोळक्यातून पुढे झाल्या. बैठकीच्या दिवसापासून मी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी गाडीचं ते एवढंसं दार उघडलं, लुगडं गोळा केलं, आणि कण्हत, वाकत, कशाबशा डावीकडच्या सीटवर बसल्या. मुलाला म्हणाल्या, "भंगार काढणारा तू कोण? जिनं केली तिला इचार." मग मान वळवून बायकांमधून मला शोधलं.

"ये, चालव. अशी परक्यावाणी काय उभी राहिलीस गं?"