यादीतलं पहिलं नाव

आमच्या अमरावतीच्या ऑफिसातले नेटवर्कवाले भाऊ सगळ्या तालुक्यांच्या ऑफिसांतले नेटचे स्विच एकाच पायथन स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रामने, सांभाळत. स्क्रिप्ट एकेका स्विचला आधी हालहवाल विचारी, मग नवी सेटिंग टाकी. एक अडला की पुढच्यांना हात न लावता तिथंच थांबे. यादीत पहिलं नाव कायम आमच्याच ऑफिसचं. मला त्याचा रागच येई. एन्टर दाबण्याआधी भाऊ तळहात पँटला पुसत, की मी हातातलं काम सेव्ह करून घेई.

पीकविम्याच्या अर्जांचा शेवटचा दिवस. वरूड, अंजनगाव तालुक्यांत सकाळपासून अर्जांसाठी रांगा, आणि वरून हुकूम, सेटिंग आजच बदला. भाऊंनी एन्टर दाबलं. आमचं नेट गेलं, आणि स्क्रिप्ट तिथंच थांबली.

“आपलंच नाव वर काहून टाकता हो?” मी ओरडलो.

भाऊंनी कपाळ पुसलं. “आपण तं बसूनच आहो. तिकडं लोक उभे हायेत.”