सवलतीची तार

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते पाचोऱ्याच्या तार कार्यालयातल्या नानांचे. वार्ताहराने बातमीची तार खिडकीतून आत सरकवली की ते आधी चष्मा पुसत आणि मग सगळा मजकूर मोठ्याने वाचत. रांगेतली माणसे ऐकत राहत. वाचून झाले की ठरलेला प्रश्न येई : "हाई कोनले कळाले पाहिजे?"

मी आमच्या घरातला पहिला बी.ए. वडील तेलाच्या घाण्यावर हमाल. नाशिकच्या एका दैनिकासाठी मी बिनपगारी बातम्या पाठवत असे. बातमीची तार साध्या तारेपेक्षा फार स्वस्तात जाई आणि त्या सवलतीचे कार्ड खिशात असल्याचा मला अभिमान होता. एकदा मी म्हणालो, "सरकार पत्रकारांचा मान ठेवतं, नाना."

"तुना मान?" नाना हसले. "भाऊ, सवलत तुनी नही, वाचनारानी शे."

एका उन्हाळ्यात जवळच्या खेड्यात जुलाबाची साथ आली. मी तारेत 'भीषण', 'हाहाकार' असे शब्द लिहिले होते. नानांनी ते पेन्सिलीने खोडले. "विहीर कोणती? किती घरं आजारी? डॉक्टर गेला का? जा, विचारून ये." मी सायकलवर परत गेलो. दुसऱ्यांदा लिहिलेली तार चांगली लांब झाली, पण नानांनी एकही शब्द कापला नाही. बातमी छापून आली त्या दिवशीच सरकारी दवाखान्याची गाडी गावात पोहोचली.

पुढे एका शिक्षणसंस्थेत मास्तरकीची जागा निघाली. सचिवांनी मला बोलावून कॉलेजच्या प्रवेशाचा मजकूर हातात दिला. "बातमी म्हणून पाठवा. तुमच्या अर्जाचं मग बघू."

नानांनी तो वाचला आणि परत केला. "ही जाहिरात आहे. पूर्ण दर लागेल."

"नाना, माझी नोकरी आहे यात."

"म्हणून तर नको."

पूर्ण दर मला झेपणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी मी जळगावला गेलो. तिथल्या मोठ्या कार्यालयात कोणी वाचत बसले नाही. सवलतीच्या दराने तार गेली. नानांना मात्र मी सांगितले, पूर्ण दर भरला. ते रांगेकडे वळून म्हणाले, "पोऱ्या सरय शे." त्यांच्या लेखी मी सरळ ठरलो. त्यानंतर माझी तार त्यांनी कधी वाचून पाहिली नाही, नुसता शिक्का मारत.

नोकरी लागली. नाना निवृत्त होऊन धुळ्याजवळच्या आपल्या गावी गेले, तेव्हा मी त्यांना हे पत्र पाठवले :

"ती. नाना, सविनय जयभीम.

प्रवेशाची ती तार मी जळगावहून बातमीच्या दराने पाठवली होती. तुमच्याशी खोटे बोललो. सचिवांनी शब्द पाळला आणि आज आमच्या घरात पगार येतो, तो त्या तारेमुळे. घरच्यांना हे माहीत नाही.

तुम्ही माझा मजकूर न वाचता घेऊ लागलात, तेव्हा दर वेळी वाटे, आता सांगावे. सांगितले नाही.

वाचणाऱ्याची सवलत मी स्वतःसाठी वापरली. कार्ड आजच दैनिकाकडे परत पाठवले आहे. बातम्या लिहिण्याची ओढ अजून आहे. ते कार्ड पुन्हा मागण्याचा मला अधिकार उरला आहे का, एवढे कळवा. तुम्ही नाही म्हणालात, तर मागणार नाही."