एकदाच विचारणारे मिस्त्री

चि. ओवी आणि चि. ईशान,

परवा व्हिडिओ कॉलवर शेडमधला जुना ट्रॅक्टर पाहून तुम्ही विचारलंत, "आजी, हे भंगार तू अजून का ठेवलंयस?" मी तेव्हा विषय बदलला, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. पण गेल्या महिन्यात मी मुरूमला जाऊन एक राहिलेलं काम करून आले. आता उत्तर द्यायला हरकत नाही. तोंडी सांगताना मी बरंच गाळेन, म्हणून लिहिते आहे.

जगात ट्रॅक्टरचे मिस्त्री पुष्कळ असतील, पण डिझेल पंपाला हात लावण्याआधी आंघोळ करणारा मिस्त्री एकच होता, आणि तो मुरूमला राहत होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं ते आपल्या माकणीला उतरायचे आणि दारात आल्याआल्या म्हणायचे, "बाई, एक बादली ऊन पाणी काढा." बाकीचे मिस्त्री काळ्याकुट्ट कपड्यांत येत, हे आंघोळ करून पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा घालत, आणि संध्याकाळी तो सदरा तसाच पांढरा घेऊन परत जात. तुमचे आजोबा पहिल्या वेळी माझ्या कानात म्हणाले होते, "अगं, हा ट्रॅक्टर दुरुस्त करणार आहे की सत्यनारायण सांगणार आहे?"

पंप म्हणजे इंजिनाच्या कुशीला बसवलेला लोखंडी ठोकळा. तो प्रत्येक पिस्टनला मोजून डिझेल देतो, आणि नेमक्या क्षणी देतो. मिस्त्री सांगायचे की त्याच्या आत केस शिरेल एवढीही फट नसते. त्यामुळे धूळ ही त्यांची वैरीण होती. ते आले की अंगणात दोनदा सडा पडायचा, कोंबड्या डालल्या जायच्या आणि दिवसभर झाडू मारायला बंदी असायची. मी शाळेत पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलेली, वहीचा समास वाकडा आला तर पान फाडायला लावणारी बाई. माझ्याच अंगणात मला झाडू धरायची चोरी! एकदा शेजारचे काका बघायला म्हणून येऊन शिंकले. मिस्त्री हात जोडून उठले आणि म्हणाले, "मालक, तुमची तब्येत बरी न्हाय. घरी जाऊन पडा." काका खरोखरच घरी जाऊन पडले आणि दुपारी त्यांच्या सुनेनं काढा केला.

कोणता नंबर, म्हणजे कितवा पिस्टन, बिघडला आहे हे ते स्क्रूड्रायव्हरची लाकडी मूठ कानाला लावून ऐकायचे. मग डोळे मिटूनच सांगायचे, "दोन नंबर रुसलाय," किंवा "तीनला लई भूक लागली." पंप उतरवला की धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून एसटीत मांडीवर घेऊन बसायचे. शेजारची एखादी बाई बाळाचं तोंड बघायला वाकायची, हे तर नेहमीचंच. कंडक्टरनं सामानाचं तिकीट मागितलं तेव्हा म्हणाले होते, "मांडीवरच्या लेकराचं तिकीट घेता व्हय तुमी?" मुरूमच्या दुकानात त्यांच्याकडे काचेच्या नळ्यांचं एक यंत्र होतं. त्यावर प्रत्येक नंबरचं डिझेल थेंबाथेंबानं सारखं करायचे आणि शेवटी पंपाला बारीक तार ओवून तिच्यावर शिशाचं सील दाबायचे. ते सील म्हणजे त्यांची सही. चहाचाही नियम होता. इंजिन सुरू झाल्याशिवाय चहा नाही. इंजिन सुरू झालं की लागोपाठ दोन कप, साखर कमी.

आणि सगळ्यांत विचित्र सवय म्हणजे ते कुठलाही प्रश्न एकदाच विचारत. तुमचे आजोबा सगळं तीनतीनदा विचारणारे, त्यांना याचं फार नवल वाटे. मिस्त्री म्हणत, "मालक, घरच्या माणसाला दुसऱ्यांदा इचारणं म्हंजी त्याला खोटं म्हणणं झालं की."

आता त्या वर्षीची गोष्ट. ज्वारीची पेरणी तोंडावर आली होती आणि ट्रॅक्टर काळा धूर ओकायला लागला. मिस्त्री आले, आंघोळ झाली. त्यांनी इंजिन हातानं फिरवून पहिला पिस्टन नेमका हव्या त्या जागी आणला, बाजूच्या लहान खिडकीतून दिसणाऱ्या आतल्या चाकावर, खिडकीच्या काठावरच्या खुणेसमोर, खडूची रेघ ओढली, पंपाच्या बैठकीवर छिन्नीनं खूण केली आणि पंप व डिझेल फवारणारे नोझल काढले. ट्रॅक्टर उतारावर घसरू नये म्हणून तो गिअरमध्ये टाकला आणि जाताना मला सांगितलं, "बाई, आता ह्याला कुणी हलवायचं न्हाय. इंजन फिरलं की सगळं चुकलं."

ट्रॅक्टर उभा होता थेट आमच्या दारासमोर, तिरका, खाली तेलाचं थारोळं. आणि तिसऱ्या दिवशी तुमच्या आईला बघायला पाहुणे येणार होते. ते पाहुणे म्हणजे तुमचे बाबा आणि त्यांची मंडळी. आजोबा बियाणं आणायला परगावी गेले ते नेमके तिथेच अडकले होते. मी दोन दिवस तो तिरका ट्रॅक्टर सहन केला. तिसऱ्या दिवशी सकाळी चार गडी बोलावले आणि ढकलून मागं न्यायला लावला. एक गडी म्हणाला, "बाई, गिअरात हाय, आतलं फिरायलंय बगा." मी म्हटलं, "पुन्हा होता तसा ठेवू." संध्याकाळी पाहुणे पसंती सांगून गेले आणि आम्ही ट्रॅक्टर पुन्हा दारासमोर आणला. तिरका होता तितकाच तिरका. मी स्वतः वाकून खिडकीतून पाहिलं आणि खडूची रेघ काठावरच्या खुणेला बरोबर जुळेपर्यंत गड्यांना "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत राहिले. अगदी मोजून केलं. माझ्या मते काहीही बदललं नव्हतं.

मला हे ठाऊक नव्हतं की ती रेघ दोनदा जुळते. पिस्टन वर येतो तो एकदा डिझेल घ्यायला आणि एकदा नुसता धूर बाहेर टाकायला. बाहेरून दोन्ही वेळा सारखंच दिसतं. मी दुसऱ्या वेळेला जुळवली होती.

चौथ्या दिवशी मिस्त्री पंप मांडीवर घेऊन आले. आजोबाही परतले होते, शेजारी उभे होते. मिस्त्रींनी खिडकीतून रेघ पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "बाई, कुणी हलवलं तर न्हाय ना?"

मी म्हटलं, "नाही."

का म्हटलं? सगळं जसंच्या तसं ठेवलं होतं, मग उगाच बोलणी का खायची, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

इंजिन सुरू झालं नाही. नुसता पांढरा धूर. त्यांना वाटलं आपलाच पंप चुकला. सील तोडून, पंप घेऊन ते मुरूमला गेले, आले, पुन्हा गेले. शेजारच्यांची पेरणी उरकत आली होती. गडी हसायला लागले. "मिस्त्री, आज आंघूळ नीट झाली न्हाय जणू!" आजोबांचा धीर सुटला आणि त्यांनी धाराशिवहून दुसरा मिस्त्री बोलावला, तरुण, तोंडाचा फटकळ. नेमके त्याच दिवशी आमचे मिस्त्री नवं सील लावलेला पंप घेऊन तिसऱ्यांदा आले. तरुणानं इंजिनाचं वरचं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि मोठ्यानं हसला. "आख्खा एक फेरा उलटा हाय की! पंपाला काय बी झालं न्हाय. म्हाताऱ्यानं झोपंत बसवला काय?" त्यानं इंजिन एक फेरा फिरवलं, आमच्या मिस्त्रींच्या हातातला पंप घेऊन बसवला, आणि ट्रॅक्टर पहिल्याच किल्लीत सुरू झाला.

मी चहा घेऊन बाहेर आले. मिस्त्री पिशवी आवरत होते. त्यांनी कपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "नगं बाई. आज इंजन म्या न्हाय चालू केलं."

ते पुन्हा आले नाहीत. "म्हाताऱ्यानं झोपंत बसवला" हे वाक्य मात्र माकणीपासून मुरूमपर्यंत पोचलं. लोक पंप धाराशिवला न्यायला लागले. काही वर्षांत काचेच्या नळ्यांचं यंत्र विकलं गेल्याचं कानावर आलं. मी आजोबांनाही सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता तेही गेले.

गेल्या महिन्यात भंगारवाला ट्रॅक्टरचा भाव विचारायला दारात आला, तेव्हा मी त्याला बाहेरच्या बाहेर पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मुरूमची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता. मिस्त्री एका आडत दुकानाच्या ओट्यावर बसले होते. सदरा पांढराच. मी हळूच शेजारी बसून सगळं सांगितलं. त्यांनी कानाला हात लावला. "मोठ्यानं बोला बाई. ऐकू येत न्हाय." मी पुन्हा सांगितलं. "काय म्हणलाव?" तेव्हा मी उठून उभी राहिले आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा माझा वर्गातला आवाज काढला. "मिस्त्री, ट्रॅक्टर मी हलवला होता! मी खोटं बोलले! तुमचा पंप बरोबर होता!"

भाजीवाल्या माना वळवून बघायला लागल्या. हमालांनी पोती खाली ठेवली. ओट्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, "ह्यो माकणीचाच पंप न्हवं? आरं देवा! आमी तवापास्नं धाराशिवच्या चकरा मारायलोय की!"

"आता आलं ऐकू," मिस्त्री म्हणाले. मग ओट्यावर सरकून मला जागा करत म्हणाले, "चहा सांगा बाई. त्या दिसाचा ऱ्हायलाय."

समोरच्या चहावालीनं पातेल्यावरून मानही वर न करता हळूच विचारलं, "साखर?" आणि मिस्त्री ताबडतोब म्हणाले, "कमी."

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते बशीकडे पाहत होते. बशी दोन्ही हातांनी धरली होती तरी चहा हिंदकळत होता. "झाकण उघडून बगायला पाच मिंटं लागली असती," ते म्हणाले. "म्या बगाय पायजे हुतं. पर तुमी न्हाय म्हणलाव, मग कशाला बगायचं?" त्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते ऐकणं मला जड गेलं. माझ्या तिन्ही वेळच्या बोलण्यानं त्यांचं यंत्र परत येणार नव्हतं, आणि ते हात आता पुन्हा पंप उघडणार नव्हते.

तर बाळांनो, ट्रॅक्टर मी विकलेला नाही आणि मी असेपर्यंत विकणार नाही. त्या दुरुस्तीनंतर तो पंप कुणालाही उघडावा लागला नाही. बैठकीवर छिन्नीची खूण आहे. तार आहे, आणि तिच्यावर मिस्त्रींनी दाबलेलं शिशाचं सील अजून तसंच आहे.