राहिलेला गोल

पेट्रोलनं हात धुतल्याचा वास आला की मला आर्णीचे ते गॅरेजवाले चाचा आठवतात. मी तिथल्या शाळेत नुकतीच इंग्रजी शिकवायला लागले होते आणि माझी जुनी स्कूटी कायम त्यांच्याकडे असायची. चाचांना इंग्लंडच्या एका फुटबॉल क्लबचा भारी नाद. कोणता खेळाडू किती वर्षं खेळला, किती गोल केले, सगळं त्यांनी एका जाड वहीत उतरवलेलं. एका दुपारी ते वही घेऊनच माझ्यासमोर बसले. "मॅडम, या मानसाचा एक गोल क्लबवाल्यायनं गाळला. सामन्याच्या यादीत हाये, पन त्याच्या नावापुढच्या एकून गोलात धरला नाही. तुमी त्यायले इंग्रजीत लिहून देता काय?" तो खेळाडू वारूनही कैक वर्षं झाली होती. "आता कायले, चाचा?" मी विचारलं. "मेला म्हून काय झालं? गोल तर त्याचाच हाये ना," ते म्हणाले. मी क्लबला ईमेल लिहिला. महिनाभरानं उत्तर आलं की जुनी कात्रणं तपासली, तुमचं बरोबर आहे, नोंद दुरुस्त केली. मी शाळेतून थेट गॅरेज गाठलं. ऐकताच चाचांनी शेजारपाजारच्या सगळ्या दुकानांत चहा पाठवला. कायचा चहा म्हणून कोणी विचारलं, तर म्हणाले, "आमच्या मानसानं गोल मारला." पुढे माझी बदली झाली. अजूनही पेपर वाटून झाल्यावर एखादी मुलगी अर्ध्या मार्कासाठी टेबलाशी येऊन उभी राहते, तेव्हा मी तिचा पेपर पुन्हा पहिल्या पानापासून तपासते.