मधलं नाव

मी इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या एका छोट्या कंपनीत लोकांचे भूतकाळ तपासतो. कोणी विमानतळावर नोकरीला लागणार असेल तर आधी त्याची फाइल माझ्याकडे येते. पुण्यात आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे नसत्या उठाठेवीच की." तिचं बरोबरच होतं.

त्या वर्षी क्रोएशियाच्या एका माणसाची फाइल आली. साठीचा, लंडनच्या इल्फर्ड भागात एका खोलीत भाड्याने राहणारा, विमानतळावर सफाईचं काम मिळालेला. फक्त विमानतळाचा सुरक्षा पास बाकी होता. आमच्या सिस्टिमने त्याचं नाव तिकडच्या एका राजकारण्याशी जुळवलं. तो राजकारणी मुळात पोलिसातला. तिकडच्या नव्वदच्या दशकातल्या युद्धानंतर गुप्तचर खात्यात गेला, उपप्रमुखापर्यंत चढला, मग खासदार झाला, काही महिने मंत्रीही. पुढे पक्षाशी बिनसलं, स्वतःचा पक्ष काढला, सपशेल आपटला आणि दिसेनासा झाला. माझा सफाईवाला इंग्लंडला आला तोही त्याच वर्षी.

आठवडाभर मी त्या राजकारण्याची भाषणं आणि जुन्या याद्या चाळत बसलो. खरं सांगतो, मजा येत होती. रोज त्याच त्या फाइली बघणाऱ्याला एकदम मंत्री सापडला होता. फोटो जुळत होते का? नीट नाही. पण दाढी, चष्मा, वय... पटवून घ्यायचंच असलं की माणूस पटवून घेतो.

खात्याच्या एका जुन्या यादीत त्याचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव होतं. सफाईवाल्याच्या पासपोर्टवर तीच तीन नावं, त्याच क्रमाने. आता आपल्याकडे वडिलांच्या नावासकट सगळं जुळलं की विषय संपतो. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत आपण असेच ओळखले जातो. त्यामुळे वडिलांचं नाव वेगळं विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. 'तोच माणूस, भूतकाळ लपवला आहे,' असं मी लिहून दिलं. त्याला पास नाकारला.

मग त्याचं पत्र आलं. हाताने लिहिलेलं, मोडक्या इंग्रजीत: मी आयुष्यभर ट्राम चालवली, मधलं नाव माझंच आहे, आईने आजोबांवरून ठेवलेलं, माझ्या वडिलांचं नाव वेगळं. सोबत जन्मदाखला जोडला होता. शेवटी लिहिलं होतं, घरमालक महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणालाय, कृपया लवकर बघा.

चूक माझीच होती, आणि कबूल केली तर नोकरी जायची भीती. माझ्याच व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं, स्पॉन्सर हीच कंपनी, आणि मुलीची जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, तोंडावर. घरी बायकोला सांगितलं. तिने मळलेली कणीक झाकून ठेवली. मग म्हणाली, "व्हिसा हातात पडू दे रे. मग सांग."

तिने तसं म्हणावं म्हणूनच मी तिला सांगितलं होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पत्र ड्रॉवरमध्ये ठेवलं. ट्रेनमध्ये साठीचा कोणीही दिसला की मी नजर चुकवायचो. महिनाअखेर आली आणि गेली. स्वतःची इतकी किळस मला कधी वाटली नव्हती, आणि तरीही ड्रॉवर उघडायची हिंमत होत नव्हती.

पत्र आल्यापासून अकराव्या दिवशी व्हिसा झाला. त्याच दुपारी मी मॅनेजरला सगळं सांगितलं, पत्र कधी आलं तेवढं सोडून. तिने शांतपणे ऐकलं, रिपोर्ट मागे घेतला, मला एक साधी ताकीद दिली. एवढंच. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तरी एवढंच झालं असतं.

पुढच्या आठवड्यात तिने एक कागद माझ्या टेबलावर ठेवला. "हे तुझ्यासाठीच आहे," म्हणाली. अक्षर ओळखीचं होतं. खोली गेली, कामावर दुसरा माणूस घेतला, मी बहिणीकडे परत चाललोय, असं लिहिलं होतं. आणि खाली: तुमच्याकडे ज्याने माझं पत्र नीट वाचलं, त्याला माझे आभार सांगा. बाकी कोणीच वाचलं नव्हतं.